कागदात नसलेला आवाज

माझ्या हातात स्टॉपवॉच असतं म्हणून लोक मलाच कोच समजतात. अजिबात नाही. मी सूर्यकांत, मूळचा निपाणीचा, तीस वर्षं लेथवर घालवून घरी बसलेला माणूस. कोच आहेत भाग्यलक्ष्मी, बेंगळुरातल्या आमच्या जे. पी. नगरच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या. आम्ही त्यांना भाग्यक्का म्हणतो. तरुणपणी त्या बेळगावात कॉलेजच्या संघातून खेळल्या. गेली अकरा वर्षं आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, कोर्टावर पोरींना बास्केटबॉल शिकवतात, तेही फुकट. पोरी कोणाच्या, तर घरोघरी स्वयंपाकाला जाणाऱ्या बायकांच्या आणि ड्रायव्हरांच्या.

अक्कांचा सराव म्हणजे शिवणकामच बघा. आधी माप, मग कात्री. रोज दुपारी नमुने कापायच्या खाकी कागदावर त्या साडेचार ते सहा असं मिनिटामिनिटाचं गणित मांडतात. आठ मिनिटं पळणं, बारा मिनिटं नुसती पावलं, मग डाव्या हातानं ड्रिबल. पहिली पन्नास मिनिटं रिंगकडे बघायचंसुद्धा नाही. शेवटची बारा मिनिटं फ्री थ्रो, म्हणजे रेषेवर उभं राहून रिंगमध्ये चेंडू टाकायचा, तेही पोरी दमून गुडघ्यांवर हात टेकायला लागल्यावर. एकीचा चुकला की सगळ्यांनी पळायचं. आणि कोणी तोंड उघडायचं नाही, ऐकू यायची ती फक्त शिट्टी. असा चिडीचूप सराव अख्ख्या बेंगळुरात नसेल, याचा अक्कांना फार अभिमान होता.

लेआउटच्या असोसिएशनचे सेक्रेटरी रघुनंदन यांना हे सगळंच खुपायचं. पन्नास मिनिटं रिंग लागत नाही, तर कोर्ट कशाला अडवता, असं ते येता-जाता ऐकवायचे. खरं कारण मला ठाऊक होतं. फी घेणाऱ्या एका अकॅडमीला त्यांना संध्याकाळची वेळ द्यायची होती. शेवटी मीटिंगमध्ये त्यांनी अट घातली की रविवारी शेजारच्या लेआउटशी मॅच आहे ती जिंका, नाहीतर सोमवारपासून कोर्ट अकॅडमीचं. दुसरं कोर्ट आमच्या पोरींना कोण देणार? माझ्या डोक्यात सणक गेली. अक्का मात्र नुसतं "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि घरी जाऊन नवा कागद मांडायला बसल्या.

रविवारी आम्ही एका गुणानं हरलो. अगदी शेवटी आर्याला दोन फ्री थ्रो मिळाले होते. सगळ्यात भरवशाची पोर ती, सरावात तिचे दहातले नऊ जातात. पण समोरच्या संघाची माणसं ताटं बडवत ओरडायला लागली आणि ती रिंग सोडून त्यांच्याकडेच बघायला लागली. दोन्ही चुकले. ती अशी रडली की माझेही डोळे भरून आले. अक्का तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"चूक तुझी नाही," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला कायम शांततेत शिकवलं. माझ्या कागदात आवाजच नव्हता."

सोमवारी साडेचारला कोर्टाच्या फाटकाला कुलूप. आत नव्या बुटांतली अकॅडमीची मुलं, बाहेर फुटपाथवर आमच्या पोरी. मला वाटलं, संपलं सगळं. छे, अक्कांनी विजेच्या खांबाला कागद चिकटवला आणि मला घड्याळ चालू करायला सांगितलं. पहिली पन्नास मिनिटं आपल्याला रिंग लागत नाही, हे खुद्द सेक्रेटरींनीच सांगितलंय की, असं वर म्हणाल्या. मग काय, फुटपाथवर पळणं झालं, पावलं झाली, डावा हात झाला.

पाच वीसला कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'आवाज'. कोर्टाची रिंग भिंतीला अगदी लागून, बाहेरून वर दिसते. अक्कांनी भिंतीवरून फ्री थ्रो टाकायला लावले. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांना हॉर्न वाजवायला सांगितलं, त्यांना तर तेवढंच हवं होतं. मी घरून ताट आणि पळी आणली आणि जीव तोडून बडवली. वय विसरलो, खोटं कशाला सांगू. चेंडू आत पडला की पोरी आणायला जायच्या आणि दर वेळी वॉचमन देवाप्पाला कुलूप काढावं लागायचं. सहाव्या खेपेला तो "साकू" म्हणाला, पुरे झालं म्हणून, आणि कुलूप खिशात टाकून खुर्चीवर जाऊन बसला. फाटक उघडंच राहिलं.

एवढ्यात रघुनंदन तणतणत आले. हा काय गोंधळ मांडलाय, कोणाला विचारून, वगैरे वगैरे. अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"अण्णा, किती राहिली?" त्यांनी मला विचारलं.

"बारा मिनिटं."

अक्का सरळ उघड्या फाटकातून आत गेल्या. मागून पोरी, त्यांच्या मागे ताट घेऊन मी. अकॅडमीची मुलं आपणहून बाजूला झाली. आर्या रेषेवर जाऊन उभी राहिली. रघुनंदन तिच्या कानाशी येऊन ओरडत होते की बाहेर व्हा, हे कोर्ट तुमचं नाही.

"ओरडा सर," अक्का म्हणाल्या. "स्वल्प अजून मोठ्यानं. पोरीला सराव होतोय."

ते आणखी मोठ्यानं ओरडले. आर्यानं श्वास घेतला, गुडघे वाकवले आणि चेंडू टाकला. आत गेला. तिनं दुसरा मागितला.