मागच्या सीटवरून कालगुर्ली

ऑस्ट्रेलियात ब्रूमहून कालगुर्लीपर्यंतच्या आमच्या परतीच्या प्रवासाचं वर्णन मला करता येणार नाही, कारण त्यातला निम्मा रस्ता मी पाहिलेलाच नाही. गाडीचं छत मात्र मला तोंडपाठ आहे.

मी कालगुर्लीच्या खाणीतून इंजिनियर म्हणून रिटायर झालो आणि माझी बायको शुभदा तिथल्या हॉस्पिटलमधून. ती भूलतज्ज्ञ. तेव्हापासून जूनमध्ये इथली थंडी पडली की गाडीला कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून आम्ही उत्तरेला ब्रूमच्या उन्हात जातो आणि गणपतीच्या आधी घरी परततो. गावातल्या मराठी मंडळींचा गणपती आमच्याकडे बसतो, त्यामुळे उशीर करून चालत नाही. गाडी नेहमी मीच चालवतो. शुभदाने एकदोनदा विचारून पाहिलं होतं, पण कॅराव्हॅन ओढणं म्हणजे फिजिक्स आहे, ते इंजिनियरचंच काम, असं मी तिला समजावलं होतं. (मेडिकलला जाण्यासाठी तिलाही फिजिक्स करावं लागलं होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.)

यंदा गणपती तोंडावर आले होते आणि परतताना आम्ही न्यूमन गावाच्या पुढे एका रोडहाऊसवर डिझेल भरायला थांबलो. खाली उतरलो, गॉगल पडला, तो उचलायला वाकलो आणि कंबरेत अशी उसण भरली की तसाच राहिलो. शेजारून जाणाऱ्या एका माणसाला वाटलं, मी टायर तपासतोय. त्याने विचारलं, "ऑल गुड, मेट?" मी जमिनीकडे बघत "नो वरीज" म्हणालो.

शुभदाने तिथल्या तिथे मला तपासलं, गोळी दिली आणि निदान सांगितलं: आडवं पडायचं, बाकी काही नाही. मी सुचवलं की कंबर सरळ होईपर्यंत इथेच मुक्काम करू, नाहीतर आमच्या मुलाला, निखिलला, पर्थहून बोलावून घेऊ.

"गणपती थांबणार नाहीत," ती म्हणाली. "मी चालवते."

"तुला कॅराव्हॅन जमणार नाही."

"तुला उभं राहणं जमत नाहीये."

तिने आणि त्या टायरवाल्या गृहस्थाने मिळून मला मागच्या सीटवर सरकवलं आणि दोन पट्ट्यांनी लोणच्याच्या पार्सलसारखं बांधलं. निखिलला फोन लावला, तर तो म्हणाला, "बाबा, आई इज फाइन. जस्ट लाय स्टिल." हाच मुलगा गाडी शिकताना माझ्या शेजारी बसून थरथर कापायचा.

पहिलीच परीक्षा रोडहाऊसमध्ये होती. आमच्या पुढे कुणीतरी आपल्या बोटीचा ट्रेलर लावून जेवायला गेला होता, म्हणजे कॅराव्हॅन मागे घेऊनच बाहेर पडायला हवं होतं. मला छत आणि दिव्याच्या खांबाचं टोक एवढंच दिसत होतं, पण मार्गदर्शन करायला तेवढं पुरेसं आहे असं मला वाटलं. मी "डावीकडे, डावीकडे" म्हणत राहिलो. मी आडवा होतो, त्यामुळे माझी डावी बाजू म्हणजे साधारण गाडीचं पुढचं तोंड होतं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. कचऱ्याचा डबा आडवा झाला.

शुभदा खाली उतरली. डबा उभा केला, कॅराव्हॅनभोवती एक चक्कर मारली, परत येऊन बसली आणि एका झटक्यात गाडी मागे घेऊन बाहेर काढली. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, कुणासाठी? तिने गाडी हायवेला घेतली.

पुढे मी वेग, वारा, टायरमधली हवा, कांगारू अशा विषयांवर सूचना देत राहिलो. आयुष्यभर तिने माणसांना आडवं करून गप्प केलं होतं. आडवं पडूनही बोलणारा पेशंट तिला पहिल्यांदाच भेटला असावा. मग आमच्या पुढे एक रोड ट्रेन लागली. रोड ट्रेन म्हणजे पाठीला डबे जोडलेला आगगाडीएवढा ट्रक. मी सांगितलं, याच्या मागे राहा, कालगुर्लीपर्यंत राहावं लागलं तरी चालेल. तिने गाडीतल्या वायरलेस रेडिओवर त्या ड्रायव्हरला पुढचा रस्ता मोकळा आहे का, ते शांतपणे विचारलं. तो म्हणाला, "यू आर राइट, लव्ह, कम अराउंड." मी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. तिसऱ्या श्लोकाला पोचायच्या आत ट्रक मागे पडला होता, आणि शुभदा काहीतरी गुणगुणत होती. ती गाडीत गुणगुणते हे मला माहीत नव्हतं. मी गाडी चालवताना ती बहुधा हँडल धरून बसते.

वाटेत मुक्काम करत, माझी गोळी आणि तिचा चहा सांभाळत आम्ही गणपतीच्या आदल्या संध्याकाळी घरी पोचलो. अंगणात कॅराव्हॅन तिने अशी लावली की दोन्हीकडे सारखी जागा. मला उतरवायला शेजारी आले.

दुसऱ्या दिवशी आरतीला हॉल भरला. मी कोपऱ्यात गादीवर. लोक आधी बाप्पाला नमस्कार करत, मग मला बघून जात. माझे खाणीतले जुने सहकारी शिंदे यांनी शुभदाला विचारलं, एवढा लांबचा रस्ता एकटीने चालवलात, काही त्रास नाही ना झाला?

"छे, गाडी मस्त चालली," मोदकांचं ताट फिरवत ती म्हणाली. "फक्त मागून सारखा आवाज येत होता."

शिंदे पट्टीचे मेकॅनिकल इंजिनियर. चेहरा गंभीर झाला. बेअरिंग असणार, म्हणाले, आणि हातातला मोदक ठेवून टॉर्च घेऊन बाहेर गेले. बराच वेळ ते कॅराव्हॅनखाली झोपून चाकं तपासत होते.

खिडकीतून मला त्यांचे पाय दिसत होते. त्यांना हाक मारून खरं काय ते सांगायला हवं होतं, पण आवाज काढायची माझी हिंमत झाली नाही.