जावयांनी तपासलेला ब्राउझर

आमचे धाकटे जावई वेबसाइट बनवतात. माणूस सज्जन. फक्त चूक ही वस्तू जगात इतरांसाठीच निर्माण झाली आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. कुलूप लागलं नाही तर दोष दाराचा. कामाबद्दल कुणी तक्रार केली तर उत्तर एकच, "माझ्याकडे तर चालतंय."

थोरली मुलगी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. तिथलं नोंदणीचं नवं पान याच जावयांनी केलेलं. बाकीच्या खिडक्यांवर ते सुरळीत चाललं. हिने मात्र ‘नोंद करा’ दाबलं की ढिम्म. एक्स-रेचा जुना प्रोग्रॅम दुसऱ्या कशावर चालत नाही, म्हणून हिच्या कॉम्प्युटरवर मांधात्याच्या काळातला ब्राउझर ठेवलेला.

जावयांनी फोनवरून तिला कॉम्प्युटर बंद-चालू करायला लावला, माउस पुसायला लावला, वर बटण नीट दाबता ना, असंही विचारलं. आठ दिवस ती हाताने नोंदी करत होती आणि रांग जिन्यापर्यंत पोचत होती. मग या गृहस्थांनी दवाखान्याला लेखी कळवलं, की जुन्या ब्राउझरवर तपासणी झाली आहे, दोष वापरणाऱ्याचा. साहेबांनी थोरलीच्या हातात मेमो ठेवला: आज संध्याकाळी पाचपर्यंत खुलासा द्या, नाहीतर तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बदली. तिथे धूळ, आणि हिला दमा.

धाकटीने नवऱ्याला जवळजवळ ढकलतच दवाखान्यात पाठवलं.

थोरलीच्या खुर्चीत बसल्यावर पाच मिनिटांत त्यांचा चेहरा उतरला. काही शब्द ब्राउझर स्वतःच्या आज्ञांसाठी राखून ठेवतो. ‘डिलीट’ त्यातलाच. जावयांनी नोंद पुसण्याच्या सोयीला तेच नाव दिलेलं. नवे ब्राउझर चालवून घेतात. जुन्याने मात्र तिथेच अडून सगळी फाइलच वाचायची सोडली होती. त्यांनी नाव बदललं, बटण चालू झालं.

"पण तुम्ही जुन्यावर तपासलं होतं ना?" थोरलीने विचारलं.

तेव्हा ते अडखळत बोलले. स्वतःच्या नव्या ब्राउझरलाच त्यांनी सेटिंगमध्ये जुन्याचं नाव देऊन त्यावर तपासणी उरकली होती. म्हणजे नातवाला पांढऱ्या मिशा लावल्या आणि आजोबांची प्रकृती उत्तम म्हणून कळवलं.

"जाऊ द्या ताई, आता चालतंय ना."

"बटण चालतंय. माझा मेमो तसाच आहे."

त्यांनी पत्र लिहायला घेतलं, ‘काही तांत्रिक कारणांमुळे’. थोरलीने तो कागद फाडला. "तो ब्राउझर तपासला, असं कारणांनी कळवलं होतं का? कोणी कळवलं, ते लिहा."

तीन कागद फाटले. चौथ्यावर जावयांनी लिहिलं, "जुन्या ब्राउझरवर मी तपासणी केली नव्हती. चूक माझी आहे." खाली सही. ही सगळी हकिगत मला धाकटीने तिखटमीठ लावून सांगितली, पण ते वाक्य तिने कमी-जास्त केलेलं नाही. मी पत्र पाहिलं आहे.

थोरली ते घेऊन साहेबांकडे गेली आणि मेमो रद्द झाल्याची सही घेऊनच परतली. पाचला दहा मिनिटं कमी होती. जावई अजून तिच्याच खुर्चीत, कपाळ पुसत.

"उठा," ती म्हणाली, "माणसं खोळंबलीत."