मल्लिनाथचं नाव कुणी सांगितलं?

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही, आणि तिला माझं सगळं ठाऊक असतं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

आधी माझी फुशारकी ऐकून घ्या, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. टीव्हीवरच्या रहस्यमालिकेत खुनी कोण, हे मी पहिल्या जाहिरातीच्या आत सांगतो. चुकत नाही. घरचे इतके वैतागतात की माझ्याशेजारी बसायला तयार नसतात. पुढाऱ्यांची टिंगल करणारा कार्यक्रम लागला की मात्र मी पाणी प्यायला उठतो.

नाव ओळखायची खोड जुनी. सत्तरच्या दशकात सोलापुरात टीव्ही कुठला? रेडिओवर रहस्यनाटिका लागायची आणि आम्ही दहाबारा जण वाचनालयाच्या कट्ट्यावर जमून ऐकायचो. मी गिरणीत टाइमकीपर. गुन्हेगाराचं नाव मी आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवायचो. नाटिका संपली की चिठ्ठी उघडायची, आणि तो मान मल्लिनाथचा.

मल्लिनाथ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मूळचा मंद्रूपचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींत सारखाच खवचट. त्याच्या शेजारी व्यंकटेश राहायचा, मागावर चादरी विणायचा. दोघांच्या घरांना मधली भिंत एकच.

कट्ट्याजवळ बातम्यांचा फळा होता. रोज सकाळी वाचनालयाचा शिपाई पेपरातल्या ठळक बातम्या त्यावर खडूनं उतरवायचा. आणीबाणी आली आणि त्या वाचून जांभया यायला लागल्या — सगळीकडे शिस्त, सगळीकडे प्रगती. एका सकाळी मात्र फळ्यावर भलतीच ओळ! ‘आजची बातमी: सगळं ठीक आहे. उद्याची बातमीही आजच आली आहे: सगळं ठीक आहे.’ अख्खा चौक हसला. मीही पोट धरून हसलो. दुपारी फळा पुसला गेला, आणि संध्याकाळी साध्या कपड्यातला एक हवालदार आमच्यात येऊन बसला.

तो कोण हे मला माहीत होतं — हे आधीच सांगून टाकतो. त्यानं धमकावलं का? नाही. बोटही लावलं नाही. बाकीचे उठून गेल्यावर हसत म्हणाला, “तुमी लई हुशार म्हणं. रेडिओतले चोर धरताय. ह्यो धरा की.”

एवढ्यावर मी फुललो. अक्षर मुद्दाम वेडंवाकडं काढलेलं होतं, पण ओळीखाली एक पुसट सरळ रेघ मला सकाळीच दिसली होती. खडू माखलेलं सूत ताणून सोडलं की अशी रेघ उमटते आणि पाट्या रंगवणारे तिच्यावर अक्षरं बसवतात. दोन ओळींच्या थट्टेसाठी सूत कोण मारेल? ज्याच्या हाताला तीच सवय लागलीय, तोच. हे सगळं मी घोळवून घोळवून सांगितलं आणि शेवटी, नाटिकेत थांबतात तसं थांबून, नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी मल्लिनाथला उचललं.

तो सुटला तेव्हा आणीबाणी उठली होती. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि पाट्या तर उंचावर असतात. बायको तोवर विड्या वळून घर चालवत होती, पुढेही तिलाच चालवावं लागलं.

निदान तेव्हा तरी बोलायचं की नाही? तो स्वतः माझ्या घरी आला. म्हणाला, “माझं नाव कुणी सांगितलं, तेवढं शोधून द्या. तुमच्याशिवाय कुणाला जमायचं न्हाय.”

कळत नाही, असं म्हणायला काय जात होतं माझं? पण मला — लाज वाटते सांगताना — मला ‘कळत नाही’ असं म्हणवेना. मी दोन दिवस मागून घेतले. दोन दिवस! मग पुरावा मांडला. त्या आठवड्यात कट्ट्यावर कोण फिरकला नव्हता? भिंतीपलीकडून तुझा शब्द न् शब्द कुणाला ऐकू जातो? तुझं रेघ मारायचं सूत कुणाच्या मागावरून येतं? मल्लिनाथ खाली मान घालून ऐकत होता. “पटलं,” म्हणाला, आणि जाताना माझे हात हातात घेतले.

वीस वर्षांपासूनच्या शेजाऱ्याशी तो पुन्हा एक शब्द बोलला नाही. व्यंकटेश माझ्याकडे येऊन रडला. “मी काय केलो? तुमीच विचारा की त्याला.” विचारतो म्हणालो. विचारलं नाही.

दोन वर्षांनी व्यंकटेश वारला. मल्लिनाथ दार लावून घरात बसून राहिला. मी खांदा द्यायला पुढे होतो.

मल्लिनाथचं नाव मी सांगितलं. व्यंकटेशचंही मीच. दोन्ही वेळा मला शाबासकी मिळाली.