भाजलेला कांदा

शंकरच्या पिंडाला कावळा शिवेना. दहाव्याला नदीकाठी त्याची दोन्ही मुलं हात जोडून उन्हात उभी होती. जिलेबी ठेवून झाली, भजी ठेवून झाली. धाकट्याने तर बिडीही ठेवली. शंकर जन्मात बिडी प्यायला नाही.

"मावशी, तुम्ही आणि बाबा एका वर्गातले. त्यांचं काय राहिलं असेल हो?" थोरल्याने मला विचारलं.

"तुमचा बाप. तुम्हीच आठवा," मी म्हणाले.

मला ठाऊक होतं. शाळेत असल्यापासून त्याला चुलीत भाजलेला कांदा आवडायचा. घरात वास नको म्हणून सुनांनी तो बंद केला, तेव्हा तो माझ्या ओट्यावर येऊन खायचा. पोरांच्या पानात वाढून उरलं तर जेवणारा माणूस. घरासाठी झिजणाऱ्याला स्वतःची आवड नसतेच, असं घरच्यांना वाटायला लागतं. तसं वाटून घेणं सोयीचंही असतं.

कांदा माझ्या पदराला बांधलेला होता. मी गाठ सोडली नाही. बसू द्या पायांना चटके, म्हटलं.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. सगळे जेवायला गेले. मग मी कांदा फोडून पिंडाशेजारी ठेवला आणि कावळ्याची वाट न बघता घरी आले.

आमच्या चौथीच्या वर्गातली आता मी एकटीच जिवंत आहे.