पट्टीनं आखलेला रकाना

परवा जुनी ट्रंक आवरताना माझी ऑफिसातली लाकडी पट्टी हाती लागली... आणि चितेगावची गवराबाई आठवली.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. कामगार विम्याच्या दवाखान्यात मी क्लार्क होतो. त्या दिवशी बंद होता, एसटी उभ्या होत्या, तरी ही बाई पायी आली.

पैठण रोडच्या एका कारखान्यात ती कामाला होती. पदरात दोन पोरी, आणि आता पुन्हा दिवस गेलेले. मागच्या बाळंतपणात मरता मरता वाचली होती, म्हणून हा गर्भ तिला नको होता. त्यासाठी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी हवी होती.

मी फॉर्म पुढं सरकवला... नवऱ्याची सही आणा म्हणालो.

"ते मेंढरं घेऊन गेलेत साहेब. आज इथं, उद्या तिथं. दिवाळीपातूर येत नाय."

दिवाळीला तीन महिने होते. तोवर गर्भपाताची मुदत टळून गेली असती. मला ते कळत होतं, पण नियम म्हणजे नियम! वर शहाणपणाही शिकवला... पोटातलंही लेकरूच आहे बाई, जीव आहे तो.

तिनं घरच्यांची नावं असलेलं विम्याचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "लेकरू हाय ना? मंग घाला की ह्याच्यात नाव."

जन्माआधी नाव चढत नाही, मी म्हणालो.

"ह्या दोघींची तर चढलीत? मी मेले तर त्यांचं कोण बघल?"

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी फॉर्म पाहिला आणि मला विचारलं, कायद्याला फक्त बाईची संमती लागते, हा नवऱ्याचा रकाना कुठून आला?

छापील फॉर्म संपल्यावर सायक्लोस्टाइलवर प्रती काढायचा नमुना मीच तयार केला होता. नवऱ्याची सही नाही असं कसं, म्हणून तो रकाना मीच घातला होता... याच पट्टीनं.

डॉक्टरीणबाईंनी त्यावर काट मारली. गवराबाईनं अंगठा उठवला, चिठ्ठी घेतली. चहा विचारला तर, "नगं, लई चालायचंय" म्हणाली.

दिवाळीनंतर ती खोकल्याचं औषध न्यायला आली, दोन्ही पोरी संगं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण त्याआधी चार वर्षं तो फॉर्म चालला होता. सही आणते म्हणून गेलेल्या आणि पुन्हा न आलेल्या बायका किती, मला सांगता येत नाही... त्यांची नावं लिहून घ्यायला मी रकाना ठेवलाच नव्हता.