आबारावांचे कोष

टेंभुर्णीत राजकारणावर न बोलणारा एकच माणूस आहे आणि तो माझ्या शेजारी राहतो, हे माझं नशीब. निवडणुकीच्या दिवसांत सगळं गाव पारावर बसून एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचं, तेव्हा आबाराव रेशमाच्या अळ्यांसाठी तुतीचा पाला कापत असायचे. कपाशी मोडून त्यांनी तुती लावली तेव्हा गाव हसलं होतं. आता गावात बऱ्याच जणांची तुती आहे, पण हसल्याचं कुणालाच आठवत नाही.

त्यांचं अळ्यांचं शेड म्हणजे दवाखानाच. चपला बाहेर, तंबाखू बाहेर, अत्तर लावून आलेला पाहुणा बाहेर आणि पक्षाच्या गप्पाही बाहेर. अळीला उग्र वास सोसत नाही, हे मला माहीत होतं. पण पक्षाचं कुठून काढलं, असं मी एकदा विचारलं. सरकार कुणाचंही येवो, अळी पालाच खाते, एवढंच त्यांचं उत्तर. ते मला पटलं, म्हणून जास्तच राग आला.

त्यांचा थोरला सुग्रीव मात्र आंदोलनात सगळ्यांच्या पुढं. शिक्षणात समाजाच्या पोरांना जागा मिळाव्यात, ही मागणी. धाकटी शालू बारावी झाली आणि तिचा नर्सिंगला नंबर लागला. फी भरायची होती कोषांच्या पैशांतून. अळ्यांनी वेळेवर कोष केले. अळ्या आपलं काम कधी पुढं ढकलत नाहीत.

मग बंद सुरू झाला. आधी एसटी थांबली, मग नेट गेलं, मग जालन्याचा कोषांचा बाजार बंद झाला आणि बाहेरगावचे व्यापारी निघून गेले. कापूस घरात पडून राहिला तरी कापूसच राहतो. कोषाचं तसं नाही. आतलं पाखरू कोष फोडून बाहेर आलं की धागा तुटतो आणि मालाची माती होते. मागणी मान्य होईपर्यंत दम धर, असं पाखराला सांगायची सोय नाही.

नेमका फी भरायच्या शेवटच्या दिवशी बाजार उघडणार असं कळलं. सकाळीच माझ्या टेम्पोत माल भरला. शालू कागदपत्रांची पिशवी घेऊन आबारावांच्या आणि माझ्या मधे बसली. माल विकायचा आणि तसंच कॉलेज गाठायचं, असं ठरलं होतं. फाट्यावर रस्ता अडवलेला. रुग्ण, बाळंतीण आणि मयत, एवढ्यांनाच वाट होती. पहिल्या रांगेत सुग्रीव बसला होता.

तो उठून आला आणि माझ्या खिडकीशी वाकला. "आण्णा, गाडी मागं घ्या. खालच्या पांदीनं, शेतातनं काढून देतो. पोरांना सांगतो मी."

मी गिअर टाकला. आबारावांनी माझा हात धरला.

"माझ्या मागं मोसंबीची गाडी हाय. तिच्या मागं दुधाची. त्यांची पोरं कुठं बसलीत?"

सुग्रीव जाऊन जागेवर बसला आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं घोषणा द्यायला लागला. मला आबारावांची चीड आली, अजूनही येते. तत्त्वं पाळायला पोरीच्या फीचाच दिवस सापडला होता का?

दुपारच्या उन्हात पाखरं निघायला लागली. पांढरी, जाड, उडता न येणारी. पोत्यांच्या जाळीतून ती डांबरावर उतरली आणि चालत चालत आंदोलनात शिरली. पोरांनी पाय जवळ घेतले. कुणी एकही चिरडलं नाही, हे सांगायला पाहिजे. एक पाखरू सुग्रीवच्या गुडघ्यावर चढलं. त्यानं ते बसू दिलं.

संध्याकाळी रस्ता मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी बाजारात साऱ्या तालुक्यांचा तुंबलेला माल एकदम आला होता आणि घेणारे होते मोजके. चांगल्या कोषांचाच भाव पडला, तिथं फुटक्यांना कोण विचारतो? आबारावांनी मिळाले ते पैसे घेतले. कॉलेजची मुदत आदल्या दिवशीच संपली होती.

आता आबाराव रोज सकाळी माझ्याकडे येतात. उपोषण कुठं बसलंय, सभा कधी आहे, मुदत कुणी कुणाला दिलीय, सगळं विचारून घेतात आणि मगच अळ्यांची अंडी मागवतात. गावातले बाकीचे लोक आबारावांना विचारून मागवतात.

पुढं मागणी मान्य झाली. सुग्रीव गुलालानं माखून, पेढे घेऊन घरी आला. शालू अंगणात पाला निवडत बसली होती, आबाराव तिच्याजवळ होते. आता आपल्या पोरांच्या जागांची काळजी मिटली, असं तो तिला सांगत होता. तिनं हात पुसून एक पेढा घेतला.

"चांगलं झालं, दादा. माझ्या जागेवर कोण लागली, ते कळलं का?"

सुग्रीवनं आबारावांकडे पाहिलं. आबारावांनी पाल्याची टोपली पुढं ओढली आणि ते तिच्याबरोबर निवडायला लागले.