धोक्यापुरता मार

एकाच रस्त्यानं वर्षानुवर्षं जा-ये केली की किस्से कुसळांसारखे लुगड्याला चिकटतात. गोळा करायला कोणी जात नाही, पण घरी येऊन पाहावं तर पदरभर! आमचा रस्ता तुमसर ते सिहोरा. तुमसरला राहायचं आणि सिहोऱ्याकडच्या एका शाळेत शिकवायला जायचं, सकाळच्या बसनं जायचं आणि संध्याकाळच्या बसनं यायचं. पंचाहत्तर-ऐंशीचा तो काळ.

आमची टोळी तिघींची. कुसुमताई वयानं आणि आवाजानं मोठ्या. मी मधली, स्वभावानं संशयी. सासूबाई म्हणायच्या, "ही प्रसादसुद्धा हुंगून खाते!" बसमध्ये हा गुण फार कामाला आला. तिसरी शोभा, नुकतीच नोकरीला लागलेली.

शोभाचा दादा राइस मिलमध्ये मुनीम होता. तिनं नोकरी करावी हे त्याला मुळीच पसंत नव्हतं. सकाळी सायकलवरून स्टँडवर सोडायचा, संध्याकाळी न्यायला यायचा आणि रोज एकच वाक्य ऐकवायचा, "काही भानगड कानावर आली का नोकरी बंद!" भानगड कोणी केली, याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. त्यामुळं गर्दीत कोणी अंगचटीला आलं तरी शोभा ओठ दाबून खिडकीबाहेर पाहत बसायची. मला तिचा राग यायचा. दादाचा तर त्याहून जास्त!

*

एकदा एका मवाल्यानं कुसुमताईंचाच पदर ओढला आणि स्टँड येताच उडी मारून पळाला. ताई तडक चौकीत. हवालदारसाहेबांनी पान लावता लावता चौकशी सुरू केली.

"बाई, तुम्ही उभ्या काहून होत्या?"

"बसायला जागा नव्हती म्हणून."

"घरचं कोनी संग नव्हतं?"

"शाळेत जाते मी, लग्नाला नाही!"

"बरं, त्याचं नाव-गाव सांगा."

"अस्सं! पुढल्या खेपेला पदर ओढू देण्याआधी विचारून ठेवीन हं!"

तक्रार काही लिहिली गेली नाही. तेव्हापासून माझा चौकीवरही संशय बसला.

*

कुसुमताईंचे एक दीर भंडाऱ्याला वकिली करायचे. दिवाळीला ते आले तेव्हा ताईंनी फराळाचं ताट पुढं ठेवून त्यांना धरलं. कोणी अंगाला हात लावला आणि आम्ही हाणलं, तर केस कोणावर?

वकीलसाहेब म्हणाले, "वहिनी, स्वतःला वाचवायला हात उचलणं हा गुन्हा नाही. कायद्यानं दिलेला हक्क आहे. पण मार धोक्यापुरता पाहिजे. तो पळाला तर मागं धावून बदडायचं नाही."

झालं! सुट्टी संपताच बसमध्ये चर्चा. धोक्यापुरता म्हणजे किती? मी म्हटलं, दोन चपला तरी हव्यात. ताईंनी निकाल दिला, "एक चप्पल म्हणजे बचाव. दुसरी म्हणजे राग. राग घरी नेऊन नवऱ्यावर काढायचा!"

शोभा तेवढी हसली नाही. "ताई, मी मारलं तर केस होणार नाही हो," ती हळूच म्हणाली, "पण नोकरी जाईल."

*

त्या काळी सगळ्याच मास्तरणी बसमध्ये स्वेटर विणायच्या. एकदा माझ्या मागं कोणीतरी नको इतकं सरकलं आणि माझी दहा नंबरची सुई चुकून मागं गेली. खरंच चुकून! मागचा माणूस असा उडाला की थेट ड्रायव्हरच्या केबिनशी जाऊन टेकला.

त्यानंतर आमचं विणकाम भलतंच वाढलं. थंडी सरली, होळी झाली, उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली, तरी तिघींच्या हातात सुया!

हेडमास्तर एक दिवस म्हणाले, "बाई, एवढ्या उन्हात स्वेटर? घालणार कोण?"

कुसुमताई म्हणाल्या, "सर, आम्हाला स्वेटर कुठं पाहिजे?"

*

आता संशयी माणसाचंही कधी कधी हसं होतं. एका संध्याकाळी माझ्या कमरेला मागून काहीतरी लागलं. थांबलं. परत लागलं! मी मागं न पाहता सुई खुपसली.

टर्र! मागच्या माणसाची थैली फाटली आणि वीतभर लांबीचा जिवंत मांगूर मासा मिशा फेंदारून बसमध्ये नाचायला लागला. लोक सीटवर चढले. कंडक्टर तिकिटांची पेटी डोक्यावर धरून ओरडत होता. माशाचा मालक सीटखाली शिरून रडकुंडीला आलेला, "बाई, घरी जवाई येऊन राहिला हो! काहून मारलं त्याले?"

कुसुमताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नको. माशानं केस केली तर दिरांना सांगते!"

*

पण प्रत्येक वेळी मासाच निघतो असं नाही. टोपीवाला एक इसम बरेच दिवस शोभाच्या मागच्याच सीटवर बसायला लागला. ती उतरली की तो उतरायचा. दिवसभर शाळेसमोरच्या टपरीवर चहा पीत बसायचा आणि संध्याकाळी परत तिच्याच बसमध्ये! मला पहिल्या दिवसापासून तो खटकत होता. शेवटी कुसुमताईंनी छत्रीचं टोक त्याच्या छातीला लावलं. "कोण रे तू?"

"मारू नोका जी! मी मिलमधला हमाल आहो. शोभाबाईच्या दादानं धाडलं मले. पोरगी बरोबर जाऊन राहिली का नाई, ते पाहाले!"

शोभाचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग काय पाहिलंस?" ताईंनी विचारलं.

"पाह्यलं ना! गर्दीत लोकं लय तरास देतेत पोरीले."

"मग तू काय केलंस?"

"मी? मले तं फकत पोरीवर ध्यान ठेवाले सांगतलं होतं!"

शोभानं हात जोडले. "दादाला यातलं काही सांगू नका हो. नोकरी सुटेल माझी." त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजवर कळलेलं नाही.

*

आमच्याकडं धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सरतो त्या दिवशी रोवणाऱ्या बाया शेताच्या मालकाला धरून चिखलानं माखतात आणि खुशी, म्हणजे बक्षिसी, मागतात. मालकानं हसून सोसायचं, अशी रीत आहे.

तशाच एका संध्याकाळी बाया वाटेत आमच्या बसमध्ये चढल्या. कोपरापर्यंत ओला चिखल. बस गच्च. शोभा शेवटचा तास संपवून तशीच धावत आलेली, दोन्ही हात खडूनं पांढरे. आणि तिच्या मागं पांढऱ्या टेरिलिनच्या शर्टातला एक जण, कुठल्याशा ठेकेदाराचा माणूस. महिनाभर तो तिच्याच मागं उभा राहायचा. माझी नजर त्याच्यावरच होती.

त्याचा हात शोभाच्या कमरेवर गेला. ती सरकली. तो परत आला आणि ह्या वेळी त्यानं तिला घट्ट धरलं. मी सुई सावरते न सावरते तोच आवाज झाला. खाड्!

शोभाचा हात अजून वरच होता. त्यानं तिचं मनगट पकडलं, "मले मारतं? थांब, दाखवतो तुले!"

मागून एक म्हातारी रोवणारीण म्हणाली, "अवं, ह्यो मालक होय का?"

"होय वं माय, मालकच होय!" कुसुमताई ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या झाडीबोली बोलल्या असतील.

"मंग पाहता काय? लावा!"

पाठ, पोट, कॉलर, तोंड सोडून काही म्हणजे काही सुटलं नाही. वरून "खुशी दे, मालक!" हा घोष. कंडक्टरनं घंटी मारली ती बस थेट चौकीसमोर थांबली.

तेच हवालदार! ठेकेदाराचा माणूस आधी आत घुसला. "ह्या मास्तरणीनं मले मारलं! केस करा!"

हवालदारांनी त्याला गोल फिरवून पाहिलं. "हा चिखल?"

"रोवणा सरला साहेब," कुसुमताई म्हणाल्या. "रीतच आहे."

"आन गालावरचं?" काळ्या, घामेजल्या गालावर पाच बोटं खडूनं पांढरीशुभ्र उमटली होती.

मी तोंड उघडणार, इतक्यात शोभाच पुढं झाली. "ते माझं आहे. ह्यानं मला धरलं म्हणून मारलं."

"किती मारल्या?"

"एकच. धोक्यापुरती."

हवालदारांनी परत गाल पाहिला. "एकच दिसते." मग वही ओढली आणि त्याला म्हणाले, "चाल, नाव-गाव सांग."

एवढ्यात दारात सायकल वाजली. बस स्टँडवर आली नाही म्हणून दादा शोधत आला होता. मागं टोपीवाला हमाल. शोभानं हात पदराखाली लपवला.

दादानं त्या माणसाचा गाल पाहिला. पदराकडं पाहिलं. मग सायकल वळवली आणि म्हणाला,

"हात धुऊन घे. सकाळी बस आहे."